सेक्रेटरीचं विरजण

शेवंतवाडीच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी रंगनाथ दारकुंडे यांच्या जिभेला गावात कोर्टाचा मान होता. दुधात पाणी घातलं असेल तर ते काचेची नळी सांगायची, पण दूध आंबूस आहे का ताजं, हे सांगणारं यंत्र अजून गावात आलं नव्हतं. ते काम जिभेचं. संस्थेच्या खोलीपुढे सकाळ-संध्याकाळ बाया चरव्या घेऊन उभ्या राहायच्या. रंगनाथ चमच्याने थेंबभर दूध तळहातावर घ्यायचे, जिभेला लावायचे आणि वर पत्र्याकडे बघायचे. पत्र्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण ते वाचत असल्यासारखे बघायचे. तेवढा वेळ बाई श्वास धरून उभी. मग निकाल यायचा. "ओता" म्हणजे सुटका. "घरी न्या" म्हणजे शिक्षा. त्यावर अपील नव्हतं.

संस्था निघाल्यापासून नगरच्या ट्रकमध्ये गेलेला शेवंतवाडीचा एकही कॅन आंबट म्हणून माघारी आला नव्हता. ही गोष्ट रंगनाथ लग्नात सांगायचे, बारशात सांगायचे, आणि एकदा दहाव्यालाही सांगून बसले होते. बहात्तरच्या दुष्काळात गावातली निम्मी जनावरं छावणीत गेली, तेव्हा कॅनच्या बुडाशी जेमतेम दूध असायचं. तेही गोडच गेलं. आता पाऊस होऊन वर्ष उलटलं होतं, घोडेगावच्या बाजारातून लोकांनी नव्या म्हशी आणल्या होत्या, कॅन पुन्हा काठोकाठ भरत होते आणि सेक्रेटरींची मान दोन बोटं वर गेली होती.

अशा माणसाच्या तोंडात, डाव्या गालाच्या आतल्या अंगाला, दिवाळीच्या सुमाराला एक पांढरा चट्टा उठला.

जागा कोणती, तर तंबाखूची चिमूट जिथे मुक्कामाला असते ती. मळलेली तंबाखू तिथे ठेवायची त्यांची सवय मिसरूड फुटल्यापासूनची. जीभ लावली की चट्टा खरबरीत लागायचा आणि मिरचीचा ठेचा लागला की डोळ्यांत पाणी यायचं. आता, खर्ड्याच्या त्यांच्या मामांना असंच काहीतरी झालं होतं. मामांना मुंबईला नेलं. ते परत आले ते बोलायचे बंद होऊन, आणि पुढचा पोळा काही त्यांनी पाहिला नाही. त्यामुळे त्या रोगाचं नाव रंगनाथांना ठाऊक होतं. पण ते मनातल्या मनातसुद्धा घ्यायचे नाहीत. डॉक्टरकडेही गेले नाहीत. डॉक्टरकडे गेलं की तो नाव घेणार. विहिरीत डोकावलंच नाही तर पाणी आटलंय हे दिसत नाही, असा आपल्याकडचा एक हिशोब असतो. त्या हिशोबाने ते गप्प राहिले. बायकोलाही बोलले नाहीत.

अशात संक्रांतीच्या आधी नगरला सगळ्या दूध संस्थांच्या सेक्रेटऱ्यांचं शिबिर भरलं. दुपारी जेवण झालं, जेवणात बुंदी होती, आणि बुंदीवर भाषण ठेवलं होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एक तरुण साहेब आले होते. ते स्वच्छ दुधाबद्दल बोलत होते तोवर सगळे सेक्रेटरी डुलक्या घेत होते. मग दह्याचा विषय निघाला.

"परदेशात उंदरांना दही चारून पाहिलंय," साहेब म्हणाले. "काही उंदरांच्या अंगातल्या गाठी वाढायच्या कमी झाल्या, असं दिसलं. म्हणजे कॅन्सरच्या गाठी. कदाचित पुढेमागे माणसालाही त्याचा उपयोग होईल. कदाचित म्हणतोय हं मी. अजून पक्कं काहीच नाही."

रंगनाथ खडबडून जागे झाले. एवढ्या मोठ्या सभेत त्यांनी जन्मात प्रश्न विचारला नव्हता, पण हात वर गेला. "साहेब, दही कंचं? गाईचं का म्हशीचं?"

"त्यापेक्षा विरजण महत्त्वाचं. विरजणात जसे जिवाणू, तसं दही. घराघराचं वेगळं असतं."

मागून कोणीतरी विचारलं, "आन उंदराला संगं भाकर द्येत्यात का नुसतंच दही?" सगळी सभा हसली. रंगनाथ हसले नाहीत.

येताना एसटीत खिडकीशी बसून त्यांनी सगळं भाषण मनात घोळवलं. नगरच्या स्टँडवर ते शब्द न् शब्द पाठ होतं. इमामपूरच्या घाटात गाडी हिंदकळली. पांढरीपूल आला. घोडेगावला उतरले तेव्हा दही शाबूत होतं, उंदीर शाबूत होते, गाठी कमी झाल्या होत्या. फक्त "कदाचित" तेवढं घाटात कुठेतरी सांडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा उपचार सुरू झाला. तंबाखूची चिमूट थुंकली की वाटीभर दही खायचं आणि गालात घोळवायचं. तंबाखू सोडावी, हे त्यांच्या मनात आलं नाही. का यावं? औषध सापडल्यावर पथ्य कोण करतं?

मुक्ताबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, हे दोन दिवस बघितलं.

"ठेच्याला हात लावंना तुमी. कालवण बी तसंच. माझ्या हाताला काय झालंय का?"

"तुझ्या हाताला काय व्हायचंय? शिबिरात सांगितलंय. सेक्रेटरीनं दही खावं."

"का?"

"संस्थेचा परचार हाय."

"मग संस्थेनं दही द्यावं. आन एकटं घरात बसून खाल्ल्यानं परचार कसा हुतो?"

रंगनाथ रागावले. निरुत्तर झालेल्या नवऱ्याला एवढा एकच मार्ग उरतो.

आठवडा गेला. चट्टा होता तिथेच होता. तेव्हा रंगनाथांनी विचार केला, की आपल्या घरचं दही गोड, घट्ट आणि गरीब स्वभावाचं आहे. रोगाशी भांडायला जरा तिखट माणूस लागतो. साहेबांनी सांगितलंच होतं, घराघराचं विरजण वेगळं. मग गावात एवढी घरं आहेत ती कशाला? एकेका घरचं विरजण आणायचं, लावायचं आणि गुण येतो का बघायचं. झाकणाचा एक पितळी डबा त्यांनी धोतराच्या सोग्याआड धरला आणि संध्याकाळचं दूध ट्रकमध्ये चढवून ते राहीबाईच्या दारात गेले.

राहीबाई म्हणजे शेवंतवाडीची सगळ्यात नेमाची दूधवाली. तिने नुकताच देवापुढे दिवा लावला होता.

"इरजण?" ती म्हणाली. "सेक्रेटरी, दिवं लागल्यात. दिवा लागल्यावर इरजण घराभायेर जात न्हाई. लक्ष्मी जाती संगं."

"हे जुनं झालं राहीबाई."

"म्या बी जुनीच हाय. सकाळी या."

पण सकाळी दूध गोळा करायचं, संध्याकाळी दूध गोळा करायचं. ज्या वेळेला सेक्रेटरी मोकळे, त्या वेळेला गावात दिवे लागलेले. चार घरं फिरले, चार घरी तेच उत्तर. एका घरी तर सासूने त्यांच्या अंगावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आता राहिली दुपार. दुपारी बाप्ये रानात आणि घरात एकट्या बाया. त्या वेळी सोग्याआड काहीतरी लपवून, इकडे तिकडे बघत दारोदार फिरणारा पन्नाशीचा माणूस लोकांना कसा दिसतो, हे रंगनाथांच्या ध्यानात आलं नाही. आपण औषधासाठी फिरतोय, हे त्यांना ठाऊक होतं ना! माणसाला स्वतःचा हेतू ठाऊक असला की तो सगळ्या गावाला ठाऊक आहे असंच वाटतं.

विरजण मिळायला लागलं. मागताना दर घरी कारण वेगळं सांगितलं. एका घरी पाहुणे आलेत म्हणाले, एका घरी घरचं दही मांजराने सांडलं म्हणाले, तिसऱ्या घरी तोंडाला आलं ते म्हणाले आणि नंतर काय म्हणालो हे स्वतःच विसरले. घरी उतरंडीपाशी मातीच्या वाट्या लागल्या. साळूबाईचं दही, पुंजारामच्या घरचं दही, देवळामागच्या आळीचं दही. साळूबाई तर ऐंशीच्या पुढची. दात सगळे जागेवर. दुष्काळात गावात थेंबभर दूध नव्हतं तेव्हा तिने दह्यात फडकं बुडवून ते वाळवून ठेवलं होतं. पाऊस झाल्यावर तेच फडकं दुधात टाकून तिने विरजण उठवलं आणि साऱ्या आळीला वाटलं. तिच्याकडून मोठ्या आशेने विरजण मागितलं तेव्हा म्हातारीने रंगनाथांकडे डोळे बारीक करून बघितलं.

"पाव्हणे आल्यात म्हनतोस. कुनीकडचे?"

"खर्ड्याचे."

"तुजे मामा गेले, मामी गेली. खर्ड्यास्नं आता भुतं येत्यात व्हय रं तुज्याकडं? ताकाला येऊन भांडं लपवतुयास, रंग्या. काय हाय त्ये नीट सांग."

"काय न्हाई, आत्या," असं म्हणून रंगनाथ निघाले. त्या घाईत डबा सोग्यातून निसटला आणि म्हातारीच्या उंबऱ्यावर टण्ण करून पडला. भांडं काही लपलं नाही.

आता गाव म्हटल्यावर गावाला कारण लागतं. खरं मिळालं नाही तर गाव स्वतः करून घेतं. संस्थेच्या शेजारी छगनचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक स्टोव्ह, दोन बाकडी आणि छगनचं तोंड. छगनने पहिलं निदान केलं, की सेक्रेटरींना मूळव्याध झाली आहे. त्याबरोबर जो तो त्यांना सुरणाचा कंद खायला सांगू लागला. "लाजायचं न्हाई सेक्रेटरी, समद्यांनाच हुती," असं भर रस्त्यात ओरडून सांगणारेही निघाले.

दुसरं निदान बायांनी केलं. घरोघरचं आंबट आणून खातंय कोण? नवऱ्याला पाठवणारी बायकोच असणार! एक दिवस देवळामागच्या आळीतल्या दोघी चिंचा आणि कैऱ्या घेऊन मुक्ताबाईंच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि गालात हसायला लागल्या. मुक्ताबाईंना दोन नातवंडं होती. कैऱ्या कशाबद्दल हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, पण कळल्यावर त्या दोघींना चपला शोधायला अजिबात वेळ मिळाला नाही. त्या रात्री रंगनाथांना दह्याबरोबर फक्त भाकरीचा करपलेला पापुद्रा मिळाला.

तिसरं निदान गहिनीनाथाने केलं. त्याची म्हैस आटायला आली होती. गाभण म्हैस आटते, हे लहान पोराला कळतं. पण गहिनीनाथ म्हणाला, "दिवं लागल्यावर कोन इरजण मागतं? करनी करणारा! माझ्या म्हशीचं दूध सेक्रेटरीच्या वाडग्यात जातंय." हे मात्र पसरायला लागलं. दोन-तीन घरांनी दाराला लिंबू-मिरची बांधली. जिला आयुष्यभर "ओता" म्हणालो, ती बाई आता चरवीवर पदर धरते, हे रंगनाथांना फार लागलं. पण खरं सांगावं तर त्या रोगाचं नाव तोंडातून काढावं लागणार. त्यापेक्षा करणी बरी, असं त्यांनी ठरवलं.

इथवर गोष्ट अब्रूवर होती. पुढे ती दुधावर आली.

झालं असं, की दिवसभर आंबट दही गालात घोळवून घोळवून सेक्रेटरींची जीभ मेली. शिमगा जवळ आलेला, ऊन तापायला लागलेलं. एक दिवस राहीबाईने धार काढून थेट संस्थेत दूध आणलं. चरवीवर अजून फेस होता. रंगनाथांनी थेंब जिभेला लावला, पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी न्या. आंबट हाय."

"काय?" राहीबाई म्हणाली.

"आंबट हाय."

"अवं, हात लावून बघा, म्हशीच्या अंगाची ऊब हाय अजून त्याला! म्हशीच्या पोटातच आंबलं का?"

अपील नव्हतं, हा नियम राहीबाईला ठाऊक होता. पण तिने कोर्टच बदललं. चरवी उचलली आणि छगनच्या स्टोव्हवर पातेलं ठेवून त्यात दूध ओतलं. आंबलेलं दूध तापलं की फुटतं. त्याला पुरावा लागत नाही. सगळी रांग हॉटेलपुढे गोळा झाली. दूध तापलं. त्याच्यावर साय धरली. मग ते उतू जाऊन छगनचा स्टोव्ह विझला, पण फुटलं नाही. छगनने त्याच दुधाचा चहा केला, आणि सगळ्यांनी तो सेक्रेटरींकडे बघत बघत, फुर्र फुर्र आवाज करत प्याला. सेक्रेटरींनाही एक कप दिला. न्यायाधीशाला स्वतःच्या चुकीचा चहा पाजण्याची ही पहिलीच वेळ असावी.

त्यानंतर रंगनाथ घाबरले. दुसऱ्या दिवसापासून ते थेंब जिभेला लावायचे, पत्र्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ओता." कोणीही येवो, "ओता." आंबट काय नि गोड काय, त्यांना सगळंच साळूबाईच्या दह्यासारखं लागत होतं. ही बातमी सगळ्यात आधी गहिनीनाथाला कळली. त्याने सकाळचं उरलेलं दूध संध्याकाळच्या दुधात घालून आणलं. "ओता." त्याचं बघून आणखी चौघांनी आणलं. आंबट दुधाचा स्वभाव मोठा मनमिळाऊ. ते ज्या कॅनमध्ये जातं त्यातल्या सगळ्या दुधाला आपल्यासारखं करून घेतं.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तो रिकामे कॅन उतरवायला नव्हे. शेवंतवाडीचे सगळे कॅन भरलेले माघारी आले होते. ड्रायव्हरने झाकण उघडून दाखवलं. आत दूध नव्हतंच. उन्हात, खड्ड्यांतून नगरला जाऊन परत येईस्तोवर पांढरंशुभ्र दही लागलं होतं. सोबत एक कागद होता: सेक्रेटरींनी तीन प्रतींत लेखी खुलासा द्यावा.

रंगनाथ कॅनच्या कडेला हात टेकून उभे राहिले. लग्नात सांगायची गोष्ट संपली होती.

साळूबाई काठी टेकत आली. कॅनमध्ये वाकून म्हणाली, "एवढं दही आपल्या गावानं पाटलाच्या लग्नात बी न्हाई पाह्यलं." मग तिने पदराखालून पातेलं काढलं. तिच्या मागे सगळं गाव पातेली घेऊन आलं. त्या दिवशी शेवंतवाडीत घरोघरी कढी होती. उरलेलं वासरांनी खाल्लं, कुत्र्यांनी खाल्लं, आणि मारुतीला दह्याचा अभिषेक झाला. नेहमी तेलाशेंदरावर भागवणारा देव एकदम गारेगार झाला.

संध्याकाळी देवळापुढे संस्थेची सभा बसली. चेअरमन आप्पासाहेब हे मोठे शांत गृहस्थ. त्यांनी दोन वाट्या मागवल्या. एकीत ताजं दूध, एकीत सकाळचं.

"रंगनाथराव, राग मानू नका. ह्यातलं गोड कंचं, तेवढं सांगा. म्हंजे गावाचं तोंड बंद हुईल."

रंगनाथांनी पहिल्या वाटीतला थेंब घेतला. वर पत्रा नव्हता, म्हणून आभाळाकडे बघितलं. दुसऱ्या वाटीतला घेतला. पुन्हा पहिल्यातला घेतला. सभा इतकी गप्प झाली, की गाभाऱ्यात दही ठिबकल्याचा आवाज आला.

"कळंना," रंगनाथ हळूच म्हणाले.

बाया कडेला उभ्या होत्या. त्यांतून मुक्ताबाई पुढे आल्या. पुरुषांच्या सभेत त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. आल्या त्या थेट नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"दोन महिनं ठेचा खाल्ला न्हाई तुमी. मला वाटलं माझं चुकलं. तोंड उघडा."

"मुक्ता, लोक हायत."

"लोकांनी तुमचं दही पाह्यलं, आता तोंड बी पाहू द्या. उघडा म्हनते ना!"

रंगनाथांनी तोंड उघडलं.

आप्पासाहेबांनी बॅटरी मारली आणि आत बघितलं. मग छगनने बघितलं. मग रांगच लागली. जी माणसं रोज चरवी घेऊन ओळीत उभी राहायची, ती आता सेक्रेटरींच्या तोंडात बघायला ओळीत उभी राहिली, आणि प्रत्येकाने निकाल दिला. जाईचा पाला चघळा. तुरटीच्या गुळण्या करा. काथ लावा. उष्णता हाय. पित्त हाय. गहिनीनाथानेही वाकून बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, "म्हैस गाभण हाय माझी. म्या उगा बोललो."

मग मागून कोणीतरी, काही वाईट मनात न धरता, म्हणून गेलं, "खर्ड्याच्या मामाला असंच हुतं न्हाई का?"

बॅटरी विझली. रंगनाथांनी तोंड मिटलं. दोन महिने ज्या गोष्टीपासून ते वाटी घेऊन पळत होते, ती देवळापुढे येऊन बसली होती.

"दही खात हुतो," ते म्हणाले. "साहेब म्हनले हुते... उंदरं बरी झाली."

कोणी हसलं नाही. छगनसुद्धा नाही.

मुक्ताबाईंनी पदर खोचला. "उद्या पहिल्या एस्टीनं नगर," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या एसटीला मुक्ताबाई होत्या, जबाबदारी म्हणून आप्पासाहेब होते आणि आपल्या दुधावरून सगळं सुरू झालं असं वाटून राहीबाई होती. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने आपल्या वाट्याच्या दह्याची किटली बरोबर घेतली होती. कंडक्टर म्हणाला, पातळ पदार्थ गाडीत चालणार नाही. राहीबाई म्हणाली, "पातळ कुटं हाय? सुरीनं कापून बघ." त्यावर त्याला नियम आठवेना. इमामपूरच्या घाटात गाडी हिंदकळली, किटलीचं झाकण उडालं आणि कंडक्टरच्या खाकी मांडीवर दही सांडलं. मग मात्र त्याला पुष्कळ नियम आठवले. ते तो नगर येईपर्यंत म्हणत होता.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बोट घालून गाल चाचपला, गळा चाचपला, दात ठोकून बघितले.

"तंबाखू किती वर्षं?"

"मिसरूड फुटल्यापासनं."

"आणि उपचार काय केला?"

रंगनाथांनी दह्याची सगळी कहाणी सांगितली, उंदरांसकट. डॉक्टरांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "त्या उंदरांना कोणी तंबाखू चारली होती का हो?"

रंगनाथांना आठवेना.

"दही चांगलंच. जेवणात खा, पोटाला बरं. शास्त्रज्ञ शोधतायत, त्यांना शोधू द्या. पण चुलीत लाकूड सारत राहायचं आणि वरून वाटीवाटीने पाणी मारायचं, याने चूल विझत नाही. लाकूड ओढा बाहेर."

"डॉक्टर," रंगनाथ म्हणाले. "कॅन्सर हाय का?"

तो शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारला. मुक्ताबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"ही तुमची दाढ तुटलेली आहे. तिची धार गालाला घासते. त्यावर तंबाखूची जळजळ. दाढ काढू, तंबाखू आजपासून बंद. तीन आठवड्यांनी परत या. चट्टा गेला तर गेला. नाही गेला तर तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवू. आज तरी मला ते तसं वाटत नाही. कदाचित ही नुसती दाढच असेल." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण मी कदाचित म्हणतोय. ध्यानात ठेवा."

दाढ निघाली. येताना गालात कापूस धरून रंगनाथ खिडकीशी बसले. घाट आला. त्यांनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली. या खेपेला "कदाचित" सांडू द्यायचं नव्हतं.

ते तीन आठवडे कसे गेले, ते त्यांनाच ठाऊक. तंबाखूची चंची मुक्ताबाईंनी चुलीत घातली. दुकानदार त्यांना आगपेटी द्यायलासुद्धा विचार करायचा. सवयीने हातावर अंगठा चोळत बसले की साऱ्या गावाचं लक्ष त्या अंगठ्याकडे. खुलाशाच्या तीन प्रती मात्र त्यांनी स्वतः लिहिल्या, कारण गावात कार्बनचा कागद नव्हता. पहिल्या प्रतीत फार लपवलं होतं, ती त्यांनीच फाडली. शेवटी लिहिलं: "सेक्रेटरीच्या तोंडाला इजा असून त्याने ती लपविल्यामुळे चव कळली नाही. चूक सेक्रेटरीची आहे, म्हशींची नाही." यावर वरून काहीच उत्तर आलं नाही. खरा खुलासा वाचायची कचेरीला सवय नसावी.

तोवर दूध चाखायला कोण? आप्पासाहेबांनी मुक्ताबाईंना बसवलं. त्या पत्र्याकडे बघत नव्हत्या. बाईच्या डोळ्यांकडे बघायच्या. चमचा उचलायच्या आत गहिनीनाथ आपणहून चरवी घेऊन घरी निघाला, असंही एकदा झालं. बाया म्हणायच्या, सेक्रेटरीपेक्षा ह्याच बऱ्या. रंगनाथ मागे वहीशी बसून हे ऐकायचे, आणि रात्री जिभेने गाल चाचपायचे. कधी चट्टा लहान वाटायचा, कधी होता तेवढाच.

तीन आठवड्यांनी दोघं नगरला गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारली, गाल ओढून बराच वेळ बघितलं आणि बॅटरी विझवली.

"गेला," ते म्हणाले. "तंबाखूकडे पुन्हा वळलात तर तोही पुन्हा येईल. आणि यात कदाचित नाही."

गावात उतरल्यावर रंगनाथांनी घरी जाऊन आधी भाकरी आणि ठेचा मागितला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते मिरचीचं होतं. निदान मुक्ताबाईंना तसं सांगितलं. मुक्ताबाईंनी ताटात दह्याची वाटी ठेवली. एकच, घरच्या विरजणाची. गोड, घट्ट आणि गरीब स्वभावाची.

संध्याकाळी ते संस्थेत येऊन आपल्या जागेवर बसले. रांग नेहमीपेक्षा लांब होती. ज्यांच्या घरी जनावर नव्हतं तेही रांगेत उभे होते. सगळ्यांत पुढे राहीबाई. तिने चरवी पुढे केली.

रंगनाथांनी थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला आणि पत्र्याकडे बघितलं. छगनने स्टोव्ह बारीक केला. मागे मुक्ताबाई पदराचं टोक पिळत होत्या. आता राहीबाईला काय सांगायचं? एकदा तिला उगाच दोष देऊन सगळ्या गावाचा चहा झाला होता. रंगनाथांनी पुन्हा थेंब घेतला. पुन्हा पत्रा. मग हातातला चमचा खाली ठेवला.

"राहीबाई," ते म्हणाले, "घरी न्या. सकाळचं हाय."

राहीबाईने सेक्रेटरींकडे बघितलं, मुक्ताबाईंकडे बघितलं आणि तिचं तोंड हळूहळू कानापर्यंत पसरलं.

"व्हय," ती म्हणाली. "सकाळचंच हाय. मुद्दाम ठिवलं हुतं."

मग पदराआड लपवलेली दुसरी चरवी तिने पुढे काढली. तिच्यावर अजून फेस होता.

"आता ही बघा."

सेक्रेटरींनी थेंब जिभेला लावला. पत्र्याकडे बघायचं ते विसरूनच गेले.

"ओता," ते म्हणाले.